वाचनालयाची ड्रॉइंग्ज लोकांसाठी तयार करताना

साताऱ्याकडच्या एका गावात सार्वजनिक वाचनालयाची नवी इमारत व्हायची आहे, डिझाइन माझ्याकडे आहे. प्लॅन (इमारत आडवी कापून वरून बघितलेला नकाशा), सेक्शन (उभा छेद), एलेव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू) सगळं ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार होतं, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं बघून झालं होतं, आणि मग कमिटीकडून निरोप आला की देणगीदारांची नि गावकऱ्यांची बैठक ठेवतोय, तर मॅडम तुम्ही जरा दिसायला चांगलं असं काहीतरी घेऊन या. थ्रीडी व्ह्यू करून घेणं सोपं होतं, हल्ली सगळे तेच करतात, पण थ्रीडी व्ह्यूमध्ये इमारत एकाच कोपऱ्यातून दिसते, आत कोण कुठे बसणार, पुस्तकं कुठे, मुलं कुठे, ऊन कुठून येणार यातलं काहीच कळत नाही. मला लोकांनी प्लॅनच बघायला हवा होता, कारण बोलायचं होतं ते प्लॅनवर. म्हणून ठरवलं की आहेत तीच ड्रॉइंग्ज, म्हणजे साइट प्लॅन, आतला प्लॅन, एक सेक्शन आणि पूर्वेकडचं एलेव्हेशन, अशी तयार करायची की ज्यांनी आयुष्यात कधी नकाशा हातात धरला नाही त्यांनाही बोट ठेवून "इथे मी बसणार" म्हणता यावं.

इथे एक गोष्ट आधीच सांगते. ड्रॉइंग सुंदर करायचं म्हटलं की बहुतेक जण थेट फोटोशॉप उघडतात आणि रंग ओतायला लागतात. मी बरीच वर्षं हे काम करतेय आणि माझं ठाम मत झालंय की अर्ध्याहून जास्त काम रंगाच्या आधीच होतं, आणि त्यातलं पहिलं काम म्हणजे पुसणं. मंजुरीच्या ड्रॉइंगला स्वतःची भाषा असते, प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळ्या हॅचमध्ये, म्हणजे तिरक्या रेषांच्या भरणीत, ड्रेनेज लाल तुटक रेषेत, पाण्याची लाइन काळ्या तुटक रेषेत, ते तपासणाऱ्या माणसासाठी असतं आणि तिथे ते बरोबरच आहे. साइटवरच्या ड्रॉइंगमध्ये डायमेन्शन, कॉलमच्या ग्रिड लाइन, दरवाजे-खिडक्यांचे नंबर, लेव्हल, नोट्स हे सगळं लागतं कारण गवंडी आणि सुतार त्यावरून काम करतात. पण गावातल्या एका आजोबांना "डी-२" शी काय करायचंय. म्हणून फाइलची कॉपी काढली आणि एकेक लेयर, म्हणजे ड्रॉइंगचा थर, बंद करत गेले. डायमेन्शन बंद, ग्रिड बंद, हॅच बंद, दरवाज्यांचे नंबर बंद, इलेक्ट्रिकल अर्थातच बंद. शेवटी उरल्या भिंती, खिडक्या, दरवाजे, फर्निचर, ओटा, चिंचेचं झाड, कंपाउंड आणि रस्ता. एवढ्यानेच शीट मोकळी झाली.

मग लाइनवेट, म्हणजे कुठली रेषा किती जाड. हा विषय माझा जिव्हाळ्याचा आहे त्यामुळे जरा थांबते इथे. स्क्रीनवर ऑटोकॅडमध्ये रेषा रंगांनी ओळखायची सवय लागते, लाल म्हणजे भिंत, निळं म्हणजे खिडकी वगैरे, आणि मग प्लॉट, म्हणजे कागदावर प्रिंट, काढताना सगळं एका जाडीत काळं निघतं आणि शीट म्हणजे रेषांचं जाळं दिसतं, कुठली भिंत कापलीय, काय खाली दिसतंय, काहीच वेगळं होत नाही. आम्ही कॉलेजला होतो तेव्हा रॉट्रिंगची पेनं होती, ट्रेसिंग पेपरवर शाई, चुकलं की ब्लेडने खरवडायचं. पेनं महाग होती, वाळायची, धुवत बसायला लागायचं, पण हातात पेन बदलायला लागायचं म्हणून प्रत्येक रेषेआधी ठरवायला लागायचं की ही रेषा कशाची आहे. त्या पेनांचे नंबर, म्हणजे रेषेची मिलिमीटरमधली जाडी, बघा, ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५, ०.७, प्रत्येक पुढचा नंबर आधीच्याच्या साधारण १.४ पट आहे, म्हणजे दोनच्या वर्गमुळाच्या पटीत, कागदाचे ए४, ए३, ए२ आकार ज्या हिशोबाने वाढतात त्याच हिशोबाने. ए४ चं ड्रॉइंग मोठं करून ए३ केलं तर ०.२५ ची रेषा बरोबर ०.३५ ची होते. मला हे अजूनही फार देखणं वाटतं.

तर मी या प्लॅनसाठी तीनच जाड्या ठेवल्या. प्लॅन १:५० ला, म्हणजे खऱ्या मापाच्या पन्नासाव्या हिश्श्यात, ए१ कागदावर होता. ज्या भिंती कापल्या जातात त्यांची कड ०.७, जे खाली दिसतं पण कापलं जात नाही, म्हणजे टेबलं, ओट्याची कड, पायऱ्या, ते ०.३५, आणि फरशीचे सांधे, कपाटातल्या पुस्तकांच्या रेषा, दरवाजा उघडतो त्याची कमान, हे ०.१८. प्लॉट स्टाइलची फाइल नवीन केली, रंगावरून जाडी ठरवून टाकली आणि एक प्रिंट काढून भिंतीला टाचणीने लावला. एकही रंग नाही, तरी लांबून बघितलं तर इमारत कागदातून वर आल्यासारखी दिसायला लागली होती. कुणाला यापलीकडे काहीच करायला वेळ नसेल तर एवढं तरी कराच, खरंच सांगते.

आता फोटोशॉप. ऑटोकॅडमधून एकच पीडीएफ न काढता भिंती, फर्निचर, फरशी, झाडं असे वेगवेगळे पीडीएफ काढले, पण प्लॉटची चौकट सगळ्यांना अगदी तीच ठेवली, त्यामुळे एकावर एक ठेवले की बरोबर जुळतात. रिझोल्यूशनचा प्रश्न इथे येतो. ए१ कागद १५० डीपीआयला, म्हणजे इंचाला १५० पिक्सेल, घेतला तर ०.१८ ची रेषा जेमतेम एक पिक्सेलची होते आणि कुठे काळी कुठे राखाडी अशी तुटक दिसते, ३०० ला घेतला तर दोन पिक्सेल मिळतात, रेषा धड राहते, पण मग एक पूर्ण भरलेला लेयर दोनशे एमबीच्या घरात जातो आणि पीएसडी फाइलला २ जीबीची मर्यादा असते, त्यापुढे पीएसबीमध्ये सेव्ह करायला लागतं. मी मधला मार्ग काढला, रंग, सावल्या, झाडं हे सगळं फोटोशॉपमध्ये, आणि रेषा मात्र व्हेक्टरच, म्हणजे पिक्सेलमध्ये न बदलता, ठेवून शेवटी इलस्ट्रेटरमध्ये वरून बसवल्या. ज्यांना ही सॉफ्टवेअर परवडत नाहीत त्यांच्यासाठी क्रिता किंवा जिंप, आणि रेषांसाठी इंकस्केप, तिन्ही फुकट आहेत आणि या कामाला पुरेशी आहेत. विद्यार्थ्यांना मी तेच सांगते.

भिंती भरायच्या वेळी थोडा विचार केला. कापलेल्या भिंती काळ्या भरणं ही जुनी पद्धत आहे, पण आमच्याकडे दोन जातीच्या भिंती आहेत. बाहेरच्या ४५० मिलिमीटरच्या काळ्या दगडाच्या, भार घेणाऱ्या, आणि आतल्या काही २३० च्या विटांच्या. दगडाच्या भिंतींना जवळजवळ काळा पण किंचित निळसर करडा रंग दिला आणि विटांच्या भिंतींना त्याहून बराच फिका, विटकरीकडे झुकणारा. बैठकीत एका गवंडी काकांनी कुणीही न सांगता हे ओळखलं, "हे दगडात आहे नि हे विटात ना?" म्हणाले.

मग फरशीचा रंग द्यायचा, तर मला रोमचा १७४८ चा नोल्लीचा नकाशा आठवला. जांबात्तिस्ता नोल्लीने आख्ख्या शहराचा नकाशा काढताना खाजगी इमारती गडद भरल्या पण चर्च आणि तसल्या लोकांना आत जाता येईल अशा वास्तूंचा आतला भाग रस्त्यासारखाच पांढरा सोडला. त्यामुळे नकाशा बघितला की शहरात आपल्याला कुठपर्यंत चालत जाता येतं ते एका नजरेत कळतं. मी तेच इथे केलं. रस्ता, अंगण, ओटा, वाचनकक्ष, मुलांचा कोपरा, हे सगळं एकाच कोऱ्या, किंचित पिवळसर रंगात ठेवलं, मधे कुठे रंगाचा तुकडा पाडलाच नाही, आणि भांडार, ग्रंथपालांची खोली, स्वच्छतागृह याला हलका करडा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, दिला. सार्वजनिक वाचनालय आहे, तर रस्त्यावरून निघालेली मोकळी जागा थेट पुस्तकांच्या कपाटापर्यंत गेलेली दिसली पाहिजे. पूर्ण कामातला मला सगळ्यात आवडलेला निर्णय हाच.

आणि आता सावल्या, ज्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो मी आनंदाने घालवला.

कॉलेजात शिकवतात की प्रकाश वरच्या डाव्या कोपऱ्यातून ४५ अंशात येतो असं धरायचं, प्लॅनमध्येही ४५ आणि एलेव्हेशनमध्येही ४५. त्याचा फायदा असा की हिशोब करायला लागत नाही, ६०० चा छज्जा असेल तर भिंतीवर ६०० ची सावली, एक मीटरची भिंत असेल तर प्लॅनमध्ये एक मीटर उजवीकडे आणि एक मीटर खाली. आणि डोळ्यालाही प्रकाश वरून आलेला बरा वाटतो, खालून आला तर उंच भाग खोल वाटतो, ओटा खड्ड्यासारखा दिसायला लागतो. पण उत्तर वर ठेवून वरच्या डाव्या कोपऱ्यातून प्रकाश म्हणजे वायव्येकडून ऊन, आणि आपल्याकडे हिवाळ्यात वायव्येकडून ऊन येतच नाही. गावातल्या माणसाला आपल्या जागेवर ऊन कुठून येतं ते पक्कं ठाऊक असतं, त्याला शाळेत सायोग्राफी, म्हणजे सावल्या काढायचं शास्त्र, शिकवलेली नसली तरी तो म्हणणार, हे काय उलटंच.

इथे एक छान गोष्ट जुळून आली. प्लॉटला रस्ता उत्तरेकडून आहे. माणूस रस्त्यावरून आत येतो तसाच प्लॅन वाचला जावा म्हणून मी रस्ता शीटच्या खाली ठेवला होता, म्हणजे दक्षिण वर गेली. दक्षिण वर म्हणजे डावीकडे पूर्व, आणि वरचा डावा कोपरा म्हणजे आग्नेय! सकाळच्या उन्हाची दिशा. मग मी बसून नीट हिशोब केला. सातारा साधारण १७.७ अक्षांशावर. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी दहाच्या सुमारास सूर्य जवळजवळ बरोबर आग्नेयेला असतो आणि क्षितिजापासून साधारण ३५ अंश वर असतो. आणि ती पुस्तकातली ४५-४५ ची पद्धत आहे ना, त्यातल्या किरणाचा खरा उभा कोन काढला तर तोही ३५ अंश नि थोडा वर येतो. म्हणजे परीक्षेसाठी पाठ केलेली ती ठोकळेबाज सावली आमच्या प्लॉटवर थंडीतल्या सकाळी दहाची खरी सावली निघाली. मला इतका आनंद झाला की ऑफिसमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. शीटवर कोपऱ्यात उत्तरेचा बाण खाली तोंड करून काढला आणि शेजारी लिहिलं, "डिसेंबर, सकाळी १० वाजता".

सावली काढायची पद्धत सांगते, कारण बरेच जण फोटोशॉपचं तयार ड्रॉप शॅडो वापरतात आणि ते दिसायला चुकीचं दिसतं. ड्रॉप शॅडोमध्ये भिंतीची एक कॉपी सरकवून खाली ठेवली जाते, त्यामुळे भिंत हवेत तरंगतेय असं वाटतं, भिंतीच्या कोपऱ्यापासून सावलीच्या कोपऱ्यापर्यंत जी तिरकी कड असायला हवी ती नसते. खरी सावली भिंतीच्या पायाला चिकटलेली असते. त्यासाठी भिंतींचं सिलेक्शन करायचं, नवीन लेयरवर भरायचं, सिलेक्शन तसंच ठेवून मूव्ह टूल घ्यायचं आणि ऑल्ट दाबून उजवा बाण एकदा, खालचा बाण एकदा, परत उजवा, परत खालचा. प्रत्येक वेळी एक पिक्सेलने कॉपी होत जाते आणि मधली जागा भरत जाते. ३०० डीपीआयला १:५० मध्ये एक मीटर म्हणजे २३६ पिक्सेल, तेवढ्या वेळा बोटं दाबायची गरज नाही, दहा-दहाची ॲक्शन रेकॉर्ड करून ठेवायची आणि चालवायची. शिफ्ट धरून दहा-दहा पिक्सेलच्या उड्या मारल्या तर काम पटकन होतं पण तिरकी कड जिन्यासारखी होते आणि प्रिंटमध्ये ती दिसते. मग त्या लेयरला मल्टिप्लाय करायचं, म्हणजे खालचा रंग त्यातून गडद होऊन दिसतो, ऑपॅसिटी, म्हणजे रंगाचा दाटपणा, तीस-पस्तीस टक्क्यांपर्यंत आणायची, आणि रंग कधीही शुद्ध काळा घ्यायचा नाही. उन्हाळ्याच्या नाहीतर हिवाळ्याच्या सकाळी बाहेर जाऊन फरशीवर पडलेली सावली बघा, तिच्यात आकाशाचा निळा असतो. मी निळसर जांभळा घेतला.

सेक्शनसाठी मात्र वेगळी वेळ घेतली, दुपारी बारा. डिसेंबरात मध्यान्हीला सूर्य तिथे साधारण ४९ अंशावर असतो, मार्चच्या विषुवदिनाला ७२ वर जातो, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात तर शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. हे तीन किरण बारीक पिवळ्या रेषेत सेक्शनवर दाखवले, दक्षिणेकडच्या खिडकीतून डिसेंबरचं ऊन टेबलापर्यंत येतं आणि मेचं ऊन छपराच्या पागोळीलाच अडतं. ज्यांना ७२ अंश म्हणजे काय माहीत नाही त्यांनाही हे कळलं कारण उन्हाचा पट्टा टेबलावर पडलेला दिसत होता.

रंगाबद्दल थोडंच सांगते. मटेरियलचे फोटो नेटवरून घेऊन टाइलसारखे पसरवायचे हा प्रकार मला आवडत नाही, एकच डाग दर चार इंचांवर परत परत दिसतो आणि नजर तिथेच जाते. शिवाय १:५० ला शहाबादी फरशीचा पोत दिसतच नाही, दिसतात ते सांधे. दोन फुटी फरशी कागदावर १२ मिलिमीटरची होते, तेवढे सांधे ०.१८ मध्ये काढले की झालं. रंगासाठी मी हातकागदावर जलरंगाचे वॉश मारले, बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन मिसळून दगडाचा करडा, तेच प्रमाण बदलून मंगलोरी कौलांचा तांबूस, आणि एक हिरवा. त्याच दोन रंगांमधून निघाल्यामुळे दगड आणि कौलं शेजारी शेजारी आपोआप शोभतात. ते वॉश ६०० डीपीआयला स्कॅन करून प्रत्येक भागाला मास्क करून, म्हणजे त्या भागापुरतेच दिसतील असे, लावले. मास्क करताना एक बारीक गोष्ट, मॅजिक वाँडने सिलेक्शन घेतलं की ते एक-दोन पिक्सेलने वाढवायचं, नाहीतर रेषेला लागून पांढरी किनार राहते आणि सगळं कागद कापून चिकटवल्यासारखं दिसतं.

झाडाकडे येते. प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात, म्हणजे शीटवर खाली डावीकडे, एक मोठी चिंच आहे. ती आहे म्हणूनच इमारत थोडी मागे सरकवली आहे. आता तिथे कॅडच्या लायब्ररीतलं गोल गोल चक्र टाकणं मला पटेना. श्रीलंकेत वास्तुविशारद जेफ्री बावा यांच्या ऑफिसमधली ड्रॉइंग्ज ज्यांनी बघितली असतील त्यांना कळेल मी काय म्हणतेय ते, चित्रकार लाकी सेनानायके वगैरे मंडळी साइटवरचं झाड त्याच्या जातीप्रमाणे, त्याच्या फांद्यांसकट काढायची, इमारतीएवढाच मान झाडाला. आपल्याकडे वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी लघुचित्रांच्या ढंगात आपल्या वास्तू रंगवल्या, त्यात झाडं, मोर, माणसं, इमारत सगळं एकाच प्रेमाने काढलेलं असतं. ते डोळ्यासमोर ठेवून मी आणि ऑफिसमधली एक मुलगी साइटवर गेलो, खोडापासून आठ दिशांना टेप धरून पानांचा घेर मोजला, पूर्वेकडे तो बराच जास्त निघाला, रस्त्याकडे फांद्या छाटलेल्या होत्या म्हणून तिकडे कमी. तसाच वेडावाकडा घेर प्लॅनवर काढला. चिंचेची पानं बारीक असतात, तिची सावली दाट नसते, जाळीदार असते, म्हणून पेनाने बारीक ठिपके आणि छोटे फटकारे देऊन ती ट्रेसिंगवर हाताने काढली, स्कॅन केली, आणि अर्धपारदर्शक ठेवली म्हणजे खालचा ओटा आणि पार दिसत राहतो. मागच्या आंब्याला मात्र गडद, भरीव केलं, कारण आंब्याखालचा अंधार वेगळाच असतो. बहाव्याचं एक नवीन रोप लावायचं आहे, त्याला पिवळा द्यायचा मोह झाला पण तो एप्रिल-मेमध्ये फुलतो आणि आमची शीट डिसेंबरची, म्हणून तो साधा हिरवाच ठेवला.

माणसांचंही तसंच. नेटवर मिळणारी कापलेली माणसं म्हणजे कोट घातलेले, हातात कॉफीचा कप, बाबागाडी ढकलणारी बाई, कुत्रा फिरवणारा. ती गावच्या वाचनालयाच्या ओट्यावर ठेवली की गावातल्या माणसाला वाटतं ही इमारत दुसऱ्या कुणाची तरी आहे. आम्ही जुन्या वाचनालयात एक सकाळ बसलो, विचारून फोटो काढले आणि त्यावरून फक्त आकृत्या काढल्या, चेहरे न देता एका रंगात. टोपीवाले दोन आजोबा एकच पेपर वाटून वाचताना, एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं पुस्तकावर डोकं टेकवून, दप्तर पाठीवर तसंच ठेवून जमिनीवर बसलेल्या मुली, नऊवारीतल्या एक आजी नातवाला घेऊन, स्टँडला लावलेली सायकल. एलेव्हेशनमध्ये एक लक्षात ठेवायचं की तिथे पर्स्पेक्टिव्ह नसतं, मागचा माणूस लहान काढायचा नाही, सगळे एकाच मापाचे, पाय जमिनीच्या रेषेवर. मागचा आहे हे फक्त फिका करून सांगायचं.

एलेव्हेशन पूर्वेकडचं घेतलं त्याचंही कारण ऊनच. रस्त्याकडची बाजू उत्तरेची, तिथे हिवाळ्यात थेट ऊन पडत नाही, तिच्यावर छज्जाची ४५ अंशातली सावली काढली असती तर ते खोटं झालं असतं. पूर्वेची बाजू बाहेरून बघताना दक्षिण डाव्या हाताला येते, ऊन डावीकडून वरून, सगळं जुळतं.

मधे ऑफिसमधल्या एकाने प्लॅन एआयला देऊन रंगवून घेऊन बघितला. अर्ध्या मिनिटात चकचकीत चित्र आलं, पण एक दार गायब, पायऱ्या पाचाच्या सात झालेल्या आणि चिंचेच्या जागी माड. वाचनालयाला पैसे देणाऱ्या माणसाला जे दाखवायचं ते बांधलं जाणार तेच असलं पाहिजे, त्यामुळे तो विषय मी तिथेच संपवला.

प्रिंटिंगला कधीही शेवटच्या दिवशी जाऊ नका. स्क्रीनवरचे हिरवे आरजीबीत, म्हणजे प्रकाशाच्या रंगांत, असतात, कागदावर सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या शायांत, गेले की मळकट होतात, म्हणून आधी शीटमधल्या चार-पाच जागांचे तुकडे एका ए४ वर घेऊन त्याच मशीनवर, त्याच कागदावर काढून बघायचे. आमच्या तुकड्यांमध्ये सावल्या अपेक्षेपेक्षा गडद आल्या, त्या कमी केल्या, आणि करड्या वॉशमध्ये दगडाच्या भिंतीची कड बुडत होती ती सोडवली. एका दुकानात फिट टू पेज चालू ठेवून प्रिंट काढून दिला, १:५० चं ड्रॉइंग थोडं लहान झालं, स्केलपट्टी लावल्यावर कळलं. परत काढून घेतला. तेव्हापासून मी शीटवर रेषेची स्केल काढतेच, कागद लहान-मोठा झाला तरी ती त्याच्याबरोबर लहान-मोठी होते. कागद मॅट घेतला, फ्लेक्स नको म्हणून सांगितलं, कारण ट्यूबलाइटखाली फ्लेक्स चमकतो आणि बाजूला बसलेल्याला काहीच दिसत नाही. सनबोर्डवर लावले आणि टेबलावर न ठेवता उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावायला सांगितले.

बैठकीत मी बोलायला उभी राहायच्या आधीच लोक शीटसमोर जमले होते. एकाने आपलं घर शोधलं, ते साइट प्लॅनच्या कडेला येत होतं. ग्रंथपाल ताईंनी विचारलं की वर्तमानपत्रांचं टेबल दारात का, गर्दी तिथेच होईल. आणि आकृतीतल्या आजोबांच्याच वयाचे एक काका बराच वेळ ओट्यासमोर उभे होते, मग म्हणाले, "मॅडम, हा ओटा उत्तरेला, उन्हाळ्यात झकास. पण तुम्ही लिहिलंय डिसेंबर सकाळी दहा, आणि पूर्ण ओटा सावलीत. थंडीत आम्ही पेपर वाचायला उन्हातच बसतो की." त्यांनी सावलीच्या कडेवर बोट ठेवलं होतं. बरोबर होतं त्यांचं, आणि सावली खऱ्या दिशेने काढली होती म्हणूनच ते त्यांना दिसलं. तिथल्या तिथे पेन्सिलने ओटा पूर्वेकडे वळवून दाखवला, चिंचेच्या दक्षिणेला जो भाग सकाळी मोकळ्या उन्हात असतो तिथपर्यंत. वर्तमानपत्रांचं टेबलही तिकडेच न्यायचं ठरलं, म्हणजे ताईंचंही काम झालं. देणगीचा आकडा त्या दिवशी ठरला नाही, पण ओट्याच्या दगडाची जबाबदारी गवंडी काकांनी आणि त्यांच्या भावाने घेतली.

आता सुधारित प्लॅन ऑटोकॅडमध्ये झालाय, स्ट्रक्चरलला पाठवलाय. शीट नव्याने करायला फारसा वेळ लागणार नाही कारण लेयर सगळे वेगळे ठेवलेत, ओटा आणि त्याची सावली तेवढी बदलायची. एक नवीन शीट मात्र वाढवतेय, तोच साइट प्लॅन मे महिन्यातल्या दुपारी, जिथे सावली जवळजवळ नसतेच, फक्त चिंचेखाली आणि पागोळ्यांखाली. दोन्ही शेजारी शेजारी लावायला सांगितलंय.